परसातल्या अळीसाठी लाल त्रिकोण कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळी आटोपली की बेळगावातल्या आमच्या वडगावात बऱ्याच घरांच्या परसात कोबी, नवलकोल आणि टोमॅटोची रोपे उभी राहतात. दोन-तीन आठवडे सगळे हिरवेगार असते. मग एका सकाळी कोबीच्या पानांची चाळण झालेली दिसते आणि घरातले कुणीतरी औषधाच्या दुकानाकडे पळते.

मागच्या वर्षी मीही तशीच गेले, हातात खाल्लेले पान घेऊन. दुकानदाराने पानाकडे बघितलेही नाही. एक बाटली पुढे सरकवली. "आक्का, हे मारा. उद्या सकाळी एक जरी अळी दिसली तर मला येऊन सांगा." घरी येऊन चष्मा लावला तेव्हा बाटलीवरचा लाल त्रिकोण दिसला. मी ३१ वर्षे मराठी शाळेत विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे त्याचा अर्थ मला ठाऊक होता. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात सौम्य. माझा पाच वर्षांचा नातू त्याच वाफ्यातला टोमॅटो तोडतो, चड्डीला पुसतो आणि तोंडात टाकतो. ती बाटली मी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी परत नेऊन दिली. पैसे मिळाले नाहीत, त्याचे वाईट वाटले नाही. सहा वाफ्यांच्या बागेला असले विष हातात देताना घरात लहान मूल आहे का, एवढेही कुणी विचारले नाही, याचे फार वाईट वाटले.

अळ्या मारणाऱ्या जीवाणूची पुडी मिळते, तिला बीटी म्हणतात. त्याच दुकानात मी विचारले, "बीटी आहे का?" उत्तर आले, "ते कापसाचं बी. आत्ता मिळायचं नाही." हा गैरसमज आपल्या भागात सर्रास आहे, म्हणून सविस्तर लिहिते. २००२ मध्ये आपल्या देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. २०१० च्या फेब्रुवारीत बीटी वांगे थांबवले गेले, त्या वांग्याच्या कामात आपल्या शेजारच्या धारवाडचे कृषी विद्यापीठही होते. तेव्हापासून बीटी म्हटले की लोकांना बियाणेच आठवते. त्या बियाण्यात एका जीवाणूचे जनुक घातलेले असते. मी म्हणते ती पुडी म्हणजे तो जीवाणूच, भुकटीच्या रूपात. पाण्यात कालवून पानावर फवारायचा. झाडाच्या बियाण्यात त्याने काहीही बदल होत नाही.

हा जीवाणू पहिल्यांदा सापडला तो जपानमध्ये, १९०१ साली, मरणाऱ्या रेशमाच्या अळ्यांत. पुढे १९११ मध्ये जर्मनीच्या थुरिंगिया प्रांतात पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत तो पुन्हा मिळाला आणि त्या प्रांतावरून त्याचे नाव पडले, बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजेच बीटी. बीजाणू धरताना तो आपल्या पेशीत प्रथिनाचा एक स्फटिक बनवतो. अळीने पान खाल्ले की तो स्फटिक पोटात जातो. अळीचे आतडे साबणाच्या पाण्यासारखे अल्कधर्मी असते, तिथे स्फटिक विरघळतो, आतड्याच्या अस्तराला चिकटतो आणि त्याला भोके पाडतो. आपल्या जठरात आम्ल असते, आणि ते प्रथिन जिथे चिकटते त्या जागाही आपल्या आतड्यात नाहीत. मधमाशी, कोळी, ढालकिडा यांनाही त्याचा उपद्रव होत नाही. म्हणून ही पुडी मला परसासाठी योग्य वाटते. तरी फवारताना तोंडाला फडके बांधावे, भुकटी डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि भाजी धुऊनच खावी.

पुडी शेवटी दुसऱ्या एका दुकानात मिळाली, उन्हात तापणाऱ्या काचेच्या कपाटात. पहिली फवारणी मी भर दुपारी केली. अळ्या बोटभर झाल्या होत्या. चार दिवसांनीही त्या खातच होत्या. चुका तीन होत्या. उष्णतेने आणि उन्हाने हे औषध मरते, फवारल्यावरही उन्हात दोन-चार दिवसांतच त्याचा जोर ओसरतो. मोठ्या अळीवर ते फारसे चालत नाही. आणि पोटात गेल्याशिवाय ते काहीच करत नाही, नुसते अंगावर पडून उपयोग नाही.

दुसऱ्या वेळी ताजी पुडी आणली. लिटरला दोन ग्रॅम असे तिच्यावर लिहिले होते (तुमच्या पुडीवर असेल ते प्रमाण पाळा), चार थेंब द्रव साबण टाकला आणि सूर्य मावळल्यावर पाने उलटी करून खालच्या बाजूला फवारले. कालवलेले पाणी त्याच संध्याकाळी संपवले. अळ्या तेव्हा नखाएवढ्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या जिवंतच होत्या, पण पानाला नवे भोक नव्हते. इथे बहुतेकजण धीर सोडतात आणि पुन्हा त्या बाटलीकडे वळतात. अळीचे खाणे काही तासांत थांबते, मरायला मात्र दोन ते पाच दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडेला काळ्या, सुकलेल्या अळ्या लोंबत होत्या.

माझे माहेर निपाणीचे. तंबाखूची पाने खाणारी अळी लहानपणापासून पाहिलेली, तीच आता माझ्या टोमॅटोवर येते. तीही लहान असतानाच गाठावी लागते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांवर या पुडीचा काही उपयोग नाही. वांग्याच्या आत शिरलेल्या अळीपर्यंतही ती पोहोचत नाही. पुडीवर या जीवाणूच्या "कुर्स्टाकी" या प्रकाराचे नाव आहे ना, तेवढे बघून घ्यावे. "इस्राएलेन्सिस" असेल तर ती डासांच्या अळ्यांसाठी आहे.

आणि हात आवरून वापरावे. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने हवाई बेटांवर बीटीलाही दाद देणे सोडल्याचे १९९० मध्येच नोंदले गेले आहे. दर आठवड्याला सवयीने फवारले तर आपल्याकडेही तेच होईल. कडीपत्ता आणि लिंबावरच्या अळ्यांना तर मी हातही लावत नाही. आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या आणि मग हिरव्यागार दिसणाऱ्या त्या अळ्यांची फुलपाखरे होतात. जवळपास कुणी तुती लावून रेशीम करत असेल, तर त्या बाजूला हे औषध मुळीच मारू नये. त्याचा शोधच मुळी रेशमाच्या मेलेल्या अळ्यांत लागला आहे.

आता मागणी. बेळगावजवळच्या कडोली, कंग्राळी, सांबऱ्याची भाजी रोज गोव्याला जाते. तिथल्या शेतकऱ्यांना ही पुडी माहीत आहे, काहीजण वापरतातही. शहरातल्या परसबागेवाल्याला मात्र ती सहज मिळत नाही. दुकानदारांनी ती छोट्या पाकिटात, सावलीत, तारीख बघून ठेवावी आणि अळीसाठी कुणी आले तर आधी ती दाखवावी. दुसरे, माहितीपत्रक. कीटकनाशक नियम १९७१ प्रमाणे ते त्या भागात चालणाऱ्या एक-दोन प्रादेशिक भाषांत छापायचे असते. माझ्या पुडीतल्या कागदावर इंग्रजी, हिंदी आणि कन्नड होते. कन्नड हवेच, मला ते वाचताही येते. पण आमच्या शेजारच्या वहिनी मराठी चौथी शिकलेल्या आहेत आणि फवारणी त्याच करतात. लाल त्रिकोणाच्या बाटलीचा कागदही त्यांच्या हातात असाच येतो. बेळगाव, खानापूर, निपाणीत विकल्या जाणाऱ्या पाकिटांत कन्नडशेजारी मराठी मजकूर असावा, यासाठी कृषी खात्याने कंपन्यांना सांगावे. खात्याच्या रयत संपर्क केंद्रांतही तो भिंतीवर लावता येईल.

तोवर मी एक पानभर सूचना मराठीत लिहून, झेरॉक्स काढून आमच्या गल्लीत वाटल्या आहेत. ते पान या पत्रासोबत जोडले आहे. रोपे आत्ताच लागली आहेत, तेव्हा या आठवड्यात जागा मिळाल्यास कृपया छापावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
वडगाव, बेळगाव