भैयाला, कोचिंगच्या निमित्ताने

भुसावळ

चि. भैया,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू नुसता "हो नाना, बघतो" म्हणतोस आणि विषय तिथेच मिटतो, म्हणून लिहितोय. तुझी आई म्हणते, रिटायर झाल्यापासून यांना लांबण लावायची सवय लागली. लागली असेल.

क्लबने तेरा वर्षांखालच्या पोरांची फुटबॉल टीम सांभाळायला विचारलं आणि तू म्हणालास, "म्हणजे मी संपलो." तेहतीस वय, गुडघ्याचं एक ऑपरेशन, आणि सगळी उमर खालच्या डिव्हिजनमध्ये. खेळायचे दिवस थोडे उरलेत हे खरंच आहे. पण कोचिंग म्हणजे खालची पायरी, हे तुझं गणित मला पटत नाही.

खालिद जमीलचं बघ. तुझ्यासारखाच मिडफिल्डर, मैदानाच्या मधल्या भागात खेळणारा. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मग मुंबई एफसी. तो भारताकडून खेळला, तू नाही, हा फरक मला कळतो. पण दुखापतींनी त्यालाही मैदानाबाहेर बसवलं. 2009 मध्ये तो त्याच मुंबई एफसीचा कोच झाला आणि सात सीझन टीम आय-लीगमध्ये, म्हणजे देशातल्या तेव्हाच्या वरच्या लीगमध्ये, टिकवत राहिला. शेवटी 2016 मध्ये क्लब सुटला. मग गेला मिझोरामच्या ऐझॉलला. ती टीम आदल्या सीझनला खाली घसरलेली. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून तिला परत घेतलेलं. जयेश राणे, आशुतोष मेहता ही मुंबई एफसीकडून खेळलेली पोरंही तिथे त्याच्याकडे होती. आणि 2016-17 ची आय-लीग त्यांनी कोलकात्याच्या मोहन बागानपेक्षा एक पॉइंट जास्त घेऊन जिंकली! ऑगस्ट 2025 मध्ये तो भारताचा मुख्य कोच झाला.

तुझ्या जास्त जवळचा माणूस म्हणजे इंग्लंडचा गॅरेथ एन्सवर्थ. तूच मला मोबाइलवर त्याची मॅच दाखवली होतीस. उजव्या बाजूचा मिडफिल्डर, बहुतेक आयुष्य खालच्या डिव्हिजनच्या क्लबांत. 2012 मध्ये वायकम्ब क्लबने त्याच्याकडे टीम सोपवली तेव्हा तो अजून खेळत होता. बूट काढून ठेवले ते पुढच्या वर्षी. 2014 मध्ये टीम चौथ्या डिव्हिजनमधूनही बाहेर पडायला आली होती. शेवटच्या दिवशी टॉर्कीला 3-0 हरवलं आणि नुसत्या गोलफरकावर वाचली. त्यानंतरही क्लबने त्याला ठेवलं, हे मला सगळ्यात मोठं वाटतं. 2020 मध्ये, रिकाम्या वेम्बलीवर ऑक्सफर्डला 2-1 हरवून, 1887 साली निघालेला तो क्लब पहिल्यांदा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये गेला. पुढच्याच वर्षी परत खाली आला म्हणा. पण एन्सवर्थ तिथेच होता.

म्हणून म्हणतो, दोन्ही कर. सकाळी पोरं, संध्याकाळी स्वतःची प्रॅक्टिस. गुडघा सांगेल तेव्हा खेळ थांबव.

मिडफिल्डरला गोल नाहीत, पेपरात नाव नाही. पण चेंडू पायात यायच्या आधी तो मान वळवून बघून ठेवतो की कोण कुठे आहे. मी जन्मभर रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये तेच केलं. मुंबईकडून आलेली गाडी नागपूरला काढायची की इटारसीला, हे ती जंक्शनात शिरायच्या आधी ठरलेलं असावं लागतं. ती नजर तुझ्याकडे आहे. ती दुसऱ्याला देता येते का, हे मात्र तुला अजून माहीत नाही. मॅचमध्ये तू "मागे बघ, मागे बघ" ओरडतोस, ते कोचिंग नव्हे. बारा वर्षांचं पोर ओरडल्यावर चेंडूकडेच टक लावतं. खेळ थांबव, पोराला तिथेच उभं ठेव आणि विचार, "चेंडू यायच्या आधी काय दिसलं तुला?" उत्तर येईपर्यंत गप्प राहा. तुला ते जड जाईल, तू आईवर गेलास.

आणि नुसत्या अनुभवावर कोणी मोठी टीम देत नाही. कोचिंगच्या डी लायसन्सपासून सुरुवात, मग सी, बी, ए, शेवटी प्रो. प्रत्येक पायरीच्या मध्ये पोरांना शिकवल्याचा अनुभव लागतो, म्हणजे वर्षं जातात. ती तेहतीसाव्या वर्षी घाल, चाळिशीत नको.

पैशाचं खरं सांगू? कोचची नोकरी खेळाडूपेक्षा कच्ची. टीम चार मॅच हरली की अकरा पोरं राहतात, कोच जातो. म्हणून सूनबाईशी आधी बोल, तिच्या पगारावर घर किती महिने चालेल ते दोघांनी कागदावर मांडा. खेळाडू कोट्यातून रेल्वेत लागायचा विषय मी काढणार नाही. काढला तर तू हसतोस.

आईने बामणोदची वांगी आणून ठेवलीत, थंडीत या, भरीत करू. येताना नातवाचे जुने बूट आण, शेजारच्या पोराला होतील. आणि डी कोर्सची फी किती आहे ते कळव. निम्मी मी देतो, निम्मी तू भर.

तुझे
नाना