बिलात लावलेला पण मोटारीत न बदललेला इम्पेलर – तक्रार

प्रति,
सर्व्हिस विभाग प्रमुख

विषय : ९.९ एचपी आउटबोर्डची (बोटीच्या मागे लावायच्या मोटारीची) नोव्हेंबरमधली वार्षिक सर्व्हिस, बिलात दाखवलेलं काम न केल्याबद्दल

नमस्कार,

हे मी तिसऱ्यांदा लिहितेय. आधीचे दोन मेल तुम्हाला मिळालेत, दोन्हीला ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ असं उत्तर आलं आणि त्यापुढे काहीच नाही, म्हणून आता सगळं पहिल्यापासून लिहिते, जरा लांबेल पण पूर्ण वाचा.

आमची ‘गौराई’ ही २५ फुटी शिडाची बोट आहे, मांडव्याला असते. पावसाळ्याआधी ती वर काढतो, दिवाळी झाली की परत पाण्यात, आणि डिसेंबरच्या शेवटी मी आणि माझा नवरा दोघंच तिला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने खाली गोव्यापर्यंत जातो, फेब्रुवारीत वायव्येचा वारा जोर धरायच्या आत परत फिरतो. यंदाचं सातवं वर्ष. आम्ही रात्री चालवत नाही कारण रात्री जाळी दिसत नाहीत, त्यामुळे दिवसभर शिडावर आणि संध्याकाळी कुठल्यातरी खाडीत नांगर, दिघी, हर्णे, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण असे आमचे ठरलेले मुक्काम आहेत. मोटार आम्ही दिवसाला अर्धा-पाऊण तास वापरत असू, पण तो अर्धा तास म्हणजे खाडीत शिरायचा आणि बाहेर पडायचा असतो, म्हणजे खडक, वाळूचे दांडे आणि ओढ सगळं तिथेच. म्हणून दरवर्षी निघायच्या आधी मोटार तुमच्याकडे देतो आणि तुम्ही म्हणाल ते पैसे देतो, आजपर्यंत कधी घासाघीस केली नाही.

१८ नोव्हेंबरला मोटार तुमच्याकडे दिली. जॉबकार्डवर माझ्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय की वॉटर पंपचा इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत ढकलणारं रबरी पात्यांचं चाक, बदलायचाच. कारण मांडव्याचं पाणी गढूळ, गाळाचं, तो गाळ पंपातून जातो आणि रबराची पाती झिजतात, आणि बोट चार-पाच महिने वर असली की एकाच जागी दुमडून राहिलेली पाती कडक होतात. हे आम्हाला तुमच्याच आधीच्या मेकॅनिकने शिकवलं होतं, चांगला माणूस होता, आता तुमच्याकडे नाही. २६ नोव्हेंबरला मोटार परत मिळाली, बिलात स्पष्ट लिहिलंय ‘वॉटर पंप इम्पेलर किट, १ नग, २,८५० रुपये’ आणि खाली मजुरी ३,५००. बाकी इंजिन ऑइल, गिअर ऑइल, प्लग, फिल्टर धरून एकूण १४,७६० रुपये. त्याच दिवशी यूपीआयने भरलेत.

दिघी आणि हर्णेपर्यंत काही जाणवलं नाही. हर्ण्याला सुवर्णदुर्ग आणि किनारा यांच्या मधल्या शांत पाण्यात एक रात्र काढून तिसऱ्या दिवशी जयगडच्या खाडीत शिरताना मला दिसलं की इंजिन थंड करून मोटारीच्या मागून जी पाण्याची धार पडते ती बारीक झालीय. ही धार बघायचं काम माझंच असतं, नवरा सुकाणूवर आणि मी मागे, दर दोन मिनिटांनी नजर टाकायची सवयच लागलीय. नेहमी करंगळीएवढी जाड धार लांब पडते, त्या दिवशी नुसती ठिबकल्यासारखी. नांगर टाकल्यावर तिथूनच तुमच्या सर्व्हिसला फोन केला, ३ जानेवारी, संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं, कॉल रेकॉर्ड माझ्याकडे आहे. तुमचा माणूस म्हणाला, मॅडम भोकात कचरा असेल, तार घालून साफ करा, इम्पेलर तर नवीनच टाकलाय, त्याचं टेन्शन घेऊ नका. आम्ही तार घातली, थोडी वाळू निघाली, धार जरा सुधारली, आणि आम्ही विश्वास ठेवला.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते हे आहे. आमच्याकडे बोटीवर एक जादा इम्पेलर होता, सीटखालच्या डब्यात, नवा कोरा, पाकिटातला. जयगडच्या खाडीत आम्ही दोन दिवस थांबलो होतो, पाणी तळ्यासारखं, जवळ बंदर, मेकॅनिक मिळाला असता. बिलात इम्पेलर लिहिला नसता किंवा तुमच्या माणसाने फोनवर नुसतं एवढं म्हटलं असतं की नाही हो, तो राहिला बदलायचा, तर आम्ही तिथेच बदलून घेतला असता आणि विषय संपला असता. ‘नवीन आहे’ असं लिहून आणि बोलून तुम्ही आम्हाला त्या एका जागी बघूच दिलं नाहीत, आम्ही बाकी सगळीकडे बघत राहिलो. काम राहून गेलं तर मी समजू शकते, माणसाकडून राहतं, पण न केलेलं केलं म्हणून लिहायचं आणि विचारल्यावर तेच परत सांगायचं हे मला माफ करता येत नाहीये.

६ जानेवारी, संकष्टी होती. सकाळी मतलई, म्हणजे जमिनीकडून येणाऱ्या वाऱ्यावर रत्नागिरीहून निघालो, विजयदुर्ग तिथून साधारण २६ सागरी मैल. दहाला वारा मेला, दीड वाजता समुद्राकडचा खारा वारा धरला आणि मग मस्त चाललो, पण उशीर झालाच. सहाच्या सुमाराला विजयदुर्गच्या तोंडाशी आलो तर सूर्य टेकलेला आणि वारा पडला. दिवेलागणीला हे असं होतंच, खारा वारा पडतो आणि मतलई सुरू व्हायला बरीच रात्र होते, त्या मधल्या वेळात शीड लुळं लोंबतं. भरती-ओहोटीचं म्हणाल तर कोळी लोक तिथीवरून सांगतात तसं, चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती पूर्ण, म्हणजे सहाला वाघोटन खाडीचं सगळं पाणी जोरात बाहेर निघालेलं. त्या ओढीच्या विरुद्ध आत जायला मोटारच लागते. ती आम्ही अर्ध्याच्या वर थ्रॉटल देऊन चालवली आणि सात-आठ मिनिटांत धार बंद. लगेच बझर वाजायला लागला, आरपीएम आपोआप खाली आले, मग वाफेचा आणि जळक्या रबराचा वास, नवऱ्याने मोटार बंद केली. बंद केली नसती तर इंजिनच गेलं असतं.

एका बाजूला किल्ल्याचे खडक, त्या किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली भिंत आहे असं तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगतात, आणि बोट ना आत जातेय ना बाहेर, लाटेवर आडवी होऊन डुलतेय आणि खडकांकडे सरकतेय. मी पुढे जाऊन नांगर टाकला, नऊ मीटर पाणी होतं, पहिल्यांदा नांगर सरकला, साखळी खालच्या दगडावरून खडखडत गेलेली मला हाताला कळत होती. आणखी दोर सोडला तेव्हा कुठे धरला. सगळं मिळून दहा मिनिटं असतील. अंधार पडला, चंद्रोदय नऊच्या सुमाराला. माझा उपास होता, सकाळपासून साबुदाण्याची खिचडी तेवढी पोटात, आणि हात इतके थरथरत होते की व्हीएचएफ रेडिओचं बटण दाबून धरता येत नव्हतं. संकटात वापरायच्या १६ नंबर चॅनेलवर हाक दिली, कोस्ट गार्डचा १५५४ फोनवर लावून ठेवला होता, फक्त कॉल दाबायचा बाकी होता.

तेवढ्यात जाळी टाकायला निघालेली एक फायबरची होडी आमचा टॉर्च बघून आली. तीन माणसं. त्यातले वयस्कर तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, म्हणाले, घाबरां नको वहिनी, दोर फेका. त्यांनी आम्हाला ओढत आत बंदरापर्यंत नेलं, त्यांची रात्रीची मासेमारी दीड-दोन तास बुडाली, डिझेल जळलं ते वेगळं, आणि पैसे द्यायला गेलो तर हात जोडून नको म्हणाले, पाण्यात कोणी अडकला की जायचंच असतं म्हणाले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही पण ती माणसं नसती तर त्या रात्री काय झालं असतं ते मला अजून झोपेत आठवतं.

दुसऱ्या दिवशी तिथे मच्छीमारांची मशीन दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आला, तिशीतला मुलगा. त्याने मोटार उलटी-सुलटी बघितली आणि पहिलं वाक्य हेच, ताई ही खालून कधी उघडलीच नाहीये. गिअरकेसचे, म्हणजे मोटारीच्या खालच्या भागाचे बोल्ट त्याने आम्हाला दाखवले, कंपनीचा मूळ रंग बोल्टच्या डोक्यावर आणि जोडावर सलग होता, पाना लागल्याची एक खूण नाही, आणि भोवती मिठाचा पांढरा थर दगडासारखा. इम्पेलर बदलायचा तर ते बोल्ट काढल्याशिवाय हात आत जातच नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. एक बोल्ट गरम करून काढावा लागला. आतून जो इम्पेलर निघाला त्याला सहा पाती असायला हवीत, चार होती, ती पण एका बाजूला वाकून लाकडासारखी कडक, नखाने दाबली तरी हलत नव्हती. उरलेल्या दोन पात्यांचे तुकडे वर पाण्याच्या वाटेत जाऊन अडकलेले, त्यातला एक इंजिनचं तापमान सांभाळणाऱ्या थर्मोस्टॅटपाशी. हे सगळं उघडतानाचा ११ मिनिटांचा व्हिडिओ आहे, मध्ये कुठेही कापलेला नाही, पहिल्या बोल्टला पाना लावण्यापासून इम्पेलर हातात येईपर्यंत.

आमच्याकडचा जादा इम्पेलर बसवला, पण थर्मोस्टॅट खराब झालेला, तो कोल्हापूरहून एसटी पार्सलने मागवला, त्यात चार दिवस गेले. त्यामुळे गोवा सोडला आणि मालवणहून परत फिरलो. सिंधुदुर्गाजवळ एक संध्याकाळ मिळाली तेवढीच. माझ्या नवऱ्याची यंदा बायपासनंतरची ही पहिलीच सफर होती, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर त्याने महिनाभर नकाशे काढून ठेवले होते, गोव्यात आग्वाद किल्ल्याला वळसा घालून मांडवी नदीत शिरायचं एवढंच तो रोज बोलत होता. हे तुमच्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात बसत नाही हे मला माहितेय तरी लिहिते.

आता तुमच्याकडून जे ऐकायला मिळालं ते. पहिल्या फोनला सर साइटवर आहेत. दुसऱ्याला, तुम्ही मोटार पाण्याबाहेर कोरडी चालवली असणार म्हणून नवीन इम्पेलर जळला. अहो, नवीन इम्पेलर आत गेला कुठून, बोल्टचा रंग न उडता? तिसऱ्याला, बाहेरच्या मेकॅनिकने उघडल्यामुळे सर्व्हिसची वॉरंटी गेली. विजयदुर्गच्या बंदरात बंद पडलेली मोटार न उघडता आम्ही ती मुंबईला कशी आणायची होती ते तुम्हीच सांगा. आणि शेवटी, पुढच्या सर्व्हिसला १० टक्के सूट देतो. मला सूट नकोय.

मला हवंय ते असं की इम्पेलर किट आणि त्याची मजुरी मिळून ६,३५० रुपये परत करा, थर्मोस्टॅट आणि तिथल्या मेकॅनिकचे ५,२०० द्या, पावत्या जोडल्यात. ओढून आणल्याचे पैसे मागत नाही कारण ते आमच्याकडून कोणी घेतलेच नाहीत. आणि पैशांपेक्षा महत्त्वाचं, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तुमच्याकडे ज्यांनी ज्यांनी मोटारी दिल्या आणि ज्यांच्या बिलात इम्पेलर लिहिलाय त्या सगळ्यांना आजच्या आज फोन करा आणि मोटारी उघडून बघा. त्यात मच्छीमार आहेत, मुलांना शिडाच्या बोटी शिकवणाऱ्यांच्या रेस्क्यू बोटी आहेत, मी स्वतः तुमच्या शेडमध्ये रांगेत उभ्या पाहिल्यात. आमचं एकट्याचंच राहिलं असेल असं मला वाटत नाही आणि सीझन अजून संपलेला नाही. तुमच्याकडच्या ज्या मेकॅनिकने आमची मोटार हाताळली त्याला नोकरीवरून काढा असं मी म्हणत नाहीये, आठ दिवसांत किती मोटारी त्याच्या अंगावर टाकल्या होत्या ते आधी बघा, पण बिलावर सही ज्याची आहे त्याने मला लेखी उत्तर द्यावं की हा पार्ट बसवला होता की नाही. हो किंवा नाही.

१५ दिवस वाट बघते. त्यानंतर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे अर्ज, कागद तयार आहेत. वकील लावणार नाही, मीच उभी राहणार.

जुना इम्पेलर, त्याचे सापडलेले तुकडे आणि गास्केट एका बरणीत ठेवलंय. कुरिअर करणार नाही, तुमचा जबाबदार माणूस मांडव्याला पाठवा, समोर बसून दाखवते, व्हिडिओ पण दाखवते. मार्चअखेरपर्यंत बोट पाण्यात आहे आणि शनिवार-रविवार आम्ही दोघंही जेट्टीवर असतो, येण्याआधी फक्त एक फोन करा.

सोबत : जॉबकार्ड, बिल, यूपीआयची पावती, कॉल रेकॉर्डचा स्क्रीनशॉट, फोटो ९, विजयदुर्ग आणि कोल्हापूरच्या पावत्या

‘गौराई’च्या मालकीण, मांडवा