या आठवड्याच्या शाळेच्या सूचना

पालक आणि एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती) सदस्यांना नमस्कार.

पावसाच्या सुट्ट्या भरून काढायच्या आहेत, म्हणून येत्या शनिवारी शाळा पूर्ण दिवस. डबा नको, बिसीऊट (कर्नाटकातल्या शाळांत मिळणारं दुपारचं गरम जेवण) आहेच. अंडं न खाणाऱ्या मुलांची नावं गुरुजींना आधी कळवा, म्हणजे तेवढी केळी किंवा चिक्की मागवता येते. ऐनवेळी पोरं रुसतात आणि वाढणाऱ्या मावशींची पंचाईत होते, मागच्या आठवड्यात झालीच.

प्रतिभा कारंजीचा (मुलांच्या कलागुणांच्या शालेय स्पर्धेचा) सराव रोज शेवटच्या तासाला. वेशभूषेसाठी जुनं नऊवारी असेल तर द्या, उगाच विकत आणू नका.

एसडीएमसीची बैठक शुक्रवारी दुपारी ४ वाजता. विषय एकच, गळकी कौलं. नट्टीची (भातलावणीची) घाई आहे हे ठाऊक आहे, तरी घरटी एकानं यावं.