वेडिंगहून लालबागला

बर्लिन,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबा आणि आजीस,
सा. न.

फोनवर आई "जेवलीस का" विचारते, मी "हो" म्हणते, बाबा "थंडी किती" विचारतात आणि तेवढ्यात माझी कामावर निघायची वेळ होते. म्हणून आज पत्र. रविवारी इथे बहुतेक दुकानं बंद असतात, कामही नाही. आजीला मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आधी तब्येत. मी ठणठणीत आहे. माझा आवाज उतरलेला वाटतो, असं आई दोनदा म्हणाली. ते आजारपण नाही गं, अंधार आहे. 26 ऑक्टोबरला इथली घड्याळं तासभर मागे गेली आणि आता दुपारी चारलाच तिन्हीसांजा होतात. तुमचा फोन येतो तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ असतात, माझ्याकडे चारच, पण खिडकीबाहेर अंधारून आलेलं. कोट जाड आहे. बाबांनी दिलेली कानटोपी रोज घालते.

मी राहते त्या भागाचं नाव वेडिंग. आजीला ते ऐकून भलताच आनंद झाला होता, पण तिला सांगा, नुसतं नाव आहे ते. जुनी कामगारवस्ती आहे, लाल बावट्याची, म्हणून शंभर वर्षांपूर्वी लोक 'लाल वेडिंग' म्हणायचे. जवळच एईजी कंपनीचे विजेची यंत्रं बनवणारे कारखाने होते. लाल विटांच्या त्या इमारती अजून उभ्या आहेत, आत विद्यापीठाच्या प्रयोगशाळा आहेत. पहिल्या दिवशी त्या भिंतींसमोर मी बराच वेळ थांबले. आपल्याकडे गिरणीच्या जागी टॉवर आला, आजोबांच्या खात्याची एक भिंतही उरली नाही. ते असते तर फोटो पाठवला असता.

जेवणाचं म्हणाल तर पोटभर जेवते. आमच्या रस्त्यावर तुर्की लोकांची दुकानं आहेत. तिथे लाल मसूर मिळते, बुलगुर (दलियासारखा भरडलेला गहू) मिळतो, कोबी-बटाटे-गाजर स्वस्त. मसूर शिजवायची, वर लालबागचा मसाला, झाली आमटी. बुलगुरचा उपमा होतो, रवा नाही म्हणून अडत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी कालव्याकाठी मायबाखउफरला बाजार भरतो. उठायच्या वेळी गेलं की भाजीवाले उरलेला माल युरोला पिशवीभर देऊन टाकतात. तीन किलो टोमॅटो आणले होते, चार दिवस सार केलं. बाहेरचं खात नाही. डोनर म्हणून रोलसारखं मिळतं, ते सात युरोंना, म्हणजे सातशेच्या वर. एकदाच खाल्लं, दिवाळीच्या दिवशी.

आता बाटल्यांचं. आत्याकडून तुमच्यापर्यंत काय पोहोचलं ते दादाने मला सांगितलं. "ती तिकडे बाटल्या गोळा करते म्हणे." आई रात्रभर झोपली नाही, हेही सांगितलं. तर नीट समजून घ्या, कारण हे इथे न राहिलेल्याला कळणं कठीण आहे.

आजीला आरेच्या दुधाच्या बाटल्या आठवत असतील. केंद्रावर रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. इथे पाणी, सरबत, बिअर सगळ्यालाच तसं आहे. त्याला फांड म्हणतात. पाण्याची बाटली घेतली की पाण्याच्या किमतीवर बाटलीचे वेगळे पैसे भरायचे. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला आणि पेयाच्या पत्र्याच्या डब्याला 25 सेंट, बिअरच्या काचेच्या बाटलीला बहुधा 8 सेंट, धुऊन परत भरायच्या इतर बहुतेक बाटल्यांना 15. बाटली परत केली की पैसे परत. दुकानात भिंतीत गोल भोक असलेलं यंत्र असतं. बाटली आत ठेवायची, ते ती गरगर फिरवतं, तिच्यावरची बारकोडची पट्टी वाचतं, गिळून टाकतं. शेवटी चिठ्ठी येते, ती गल्ल्यावर दाखवायची. आपल्याकडे सांगतात ना, पाणी संपलं की बाटली चुरगाळून टाका? इथे चुरगाळली तर यंत्राला पट्टी वाचता येत नाही आणि पैसे बुडतात. माझे पहिल्या आठवड्यात चार बाटल्यांचे बुडाले. म्हणजे एक युरो. त्यात दोन दिवसांची मसूर आली असती.

त्यामुळे इथे पिशवीभर बाटल्या घेऊन कोणीही दुकानात जातं. प्राध्यापकही जातात. कामावर आम्हाला प्यायला मिळतात त्या बाटल्या मालकीणबाई आम्हालाच नेऊ देतात. आत्याच्या ओळखीच्या मुलाने मला लिओपोल्डप्लाट्झ स्टेशनपाशी पाहिलं ते त्याच बाटल्यांसकट.

पण गाळू नका म्हटलंय तर मीही गाळत नाही. इथे लोक रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी जमिनीवर ठेवतात. कारण त्या वेचून पोट भरणारी माणसं आहेत, त्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये. ऑक्टोबरात, पहिला पगार हातात यायच्या आधी, मी बागेतल्या डब्याशेजारच्या तीन बाटल्या उचलल्या होत्या. मागून आजीच्या वयाच्या एक बाई चाकांची पिशवी ओढत आल्या. काही बोलल्या नाहीत. मी बाटल्या होत्या तिथे ठेवल्या आणि निघाले. त्यानंतर कधी उचलल्या नाहीत. बाहेर पाणी घेतलंच तर बाटली आता मीही डब्याशेजारी ठेवते.

बाबा, "भांडी घासायला पाठवलं नव्हतं तुला" असं तुम्ही म्हणालात. त्या रात्री मला उत्तर सुचलं नाही. भांडी यंत्र घासतं, मी ताटं लावते आणि काढते. महिन्याला 43 तास, तासाला 12 युरो 82 सेंट. यंदा, 2025 मध्ये, त्याच्या खाली कोणी देऊच शकत नाही, कायदा आहे. विद्यार्थ्याने किती काम करायचं यालाही सरकारची मर्यादा आहे, वर्षाला 140 पूर्ण दिवस, त्यामुळे अभ्यास बुडेल ही भीती नको. माझ्याशेजारी ताटं पुसणाऱ्या मुलीचे वडील डॉक्टर आहेत. आधी पार्सलच्या गोदामात तीन आठवडे केलं, खांदे दुखायचे म्हणून सोडलं. एका खानावळीत "दोन संध्याकाळी काम करून दाखव" म्हणून राबवलं आणि पैसे दिले नाहीत. तेव्हा मी जिन्यात बसून रडले होते. तुम्हाला सांगितलं नाही, आता सांगतेय, कारण आता ते मागे पडलंय. आणि आई पहाटे चारला उठून लोकांचे डबे करते, त्यावर मी शिकले. माझं काम हलकं कसं होईल?

पैशांचं. व्हिसासाठी बँकेत अडकवलेल्या 11,904 युरोंतून महिन्याला 992 सुटतात, त्यात खोली, विमा, खाणं भागतं. वरचे कामाचे साधारण 551. दादा म्हणाला, गहाण पाटल्यांवरचे 70 हजार उरलेत. मी उद्या 300 युरो पाठवतेय, डिसेंबरअखेर 200, जानेवारीअखेर 200. तेवढ्यात पाटल्या सुटतील. आई, ते पैसे घरखर्चात वळवू नकोस.

दादाच्या लग्नाला मी येत नाहीये. फोनवर परीक्षा म्हणाले, ती आहेच फेब्रुवारीत. पण एखादा पेपर पुढच्या खेपेला देता आला असता. तिकीट साधारण तेवढ्याच पैशांचं आहे, आई, आणि दोन्ही जमत नव्हतं. माझ्या बी.एस्सी.च्या समारंभाला तू मोकळ्या मनगटांनी आली होतीस, पदर पुढे ओढून घेतला होतास. दादाच्या लग्नात तसं नको. त्याला हे सांगू नका, तिकीट काढून मोकळा होईल.

मावशीने आणलेल्या स्थळाला दोन वर्षं थांबा म्हणा. थांबत नसतील तर माझी हरकत नाही.

करवली म्हणून काकांची धाकटी उभी राहू दे. माझी मोरपंखी साडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे, तिला द्या, पिको राहिलाय. आणि वरात घरी आली की दार तिनेच अडवायचं. दोघांनी नाव घेतल्याशिवाय, वहिनीने "मुलगी देईन" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. मी सांगितलंय म्हणावं. तुमच्याकडे रात्रीचे दहा वाजले तर माझे साडेपाच असतील, त्या दिवशी मी सुट्टी मागून ठेवलीय. दाराशी कोणीतरी फोन धरा.

तुमची,
सोनू