शिध्यातले तेल बदला

मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय, सादर नमस्कार.

२०२२ च्या दिवाळीला आनंदाचा शिधा, म्हणजे रेशनकार्डावर सणासाठीचा स्वस्त शिधा आला, तेव्हा १०० रुपयांत एकेक किलो रवा, चणाडाळ, साखर आणि १ लिटर पामतेल मिळाले. आमच्या लातूरकडच्या कितीतरी घरांत त्याच तेलात शंकरपाळे तळले गेले. गरिबाचा सण गोड झाला, त्याबद्दल मनापासून आभार. पण मी आहारसल्ल्याचे काम करते, त्यामुळे त्या पिशवीविषयी बोलणे मला भाग आहे. पुढे काही शिध्यांत सोयाबीन तेल आले. म्हणजे मनावर घेतले तर तेल बदलता येते.

तेल घाण्याचे असो वा पिशवीतले, १ ग्रॅममध्ये ९ कॅलरी. करडीच्या तेलाने वजन उतरते, असे मी कुणालाही सांगत नाही. फरक पडतो तो चरबी कुठे साठते यात. स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी ३९ सडपातळ तरुण-तरुणींना सात आठवडे रोजच्या जेवणावर जादा मफिन खायला दिले. एका गटाला पामतेलाचे, दुसऱ्याला सूर्यफूल तेलाचे. २०१४ साली निष्कर्ष आले. दोन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे १.६ किलो वाढले होते. पण पामतेलाच्या गटात यकृतात आणि पोटाच्या आत चरबी बरीच जास्त साठली, तर सूर्यफुलाच्या गटात चरबी सोडून इतर भागाची वाढ जास्त झाली. आतली ही चरबी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनचे काम बिघडवते. माझ्याकडे अशा बायका येतात, हातापायांनी काटक्या, पोट तेवढे पुढे, आणि रक्तात साखर. ‘कमी खा’ एवढे सांगून त्यांना परत पाठवायला माझी जीभ रेटत नाही.

पामतेलातला जवळपास निम्मा मेद संतृप्त (सॅच्युरेटेड) असतो. शेंगदाणा तेलात तो साधारण पाचवा हिस्सा, करडीत दहाव्या हिश्श्याच्या आसपास. संतृप्त मेदाने एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल वाढते, हे तर जुने ज्ञान. पामतेलात पूर्वीच्या वनस्पती तुपासारखे ट्रान्स फॅट, म्हणजे हृदयाला घातक मेद नसतो, हे मान्य. पण आपल्याला वनस्पती तुपापेक्षा बरे तेल हवे आहे की चांगले तेल?

चांगले तेल आपल्याच रानात होते. ज्वारीत करडईचे पाटे (ओळींचे पट्टे) असायचे, काट्यांमुळे जनावर आत शिरत नसे, आणि वर्षाचे तेल गावच्या घाण्यावर निघायचे. कोरडवाहू जमिनीत, थोड्या ओलीवर येणारे पीक! आता पुष्कळ गावांत करडई भाजीपुरती उरली आहे. हमीभाव दरवर्षी जाहीर होतो, पण वेळेवर माल घेणारा हवा ना.

म्हणून विनंती अशी, की यापुढे शिधा द्याल तेव्हा १ लिटर पामतेलाऐवजी अर्धा लिटर शेंगदाण्याचे किंवा करडीचे तेल द्या. ते महाग पडते, म्हणूनच अर्धा लिटर म्हणते. तेल कमी खाल्ले जाईल ते वेगळेच. त्यासाठीची करडई मराठवाडा आणि सोलापूरच्या शेतकऱ्यांकडून हमीभावाने घ्या. आणि करडीच्या पिशवीवर ठळक मराठीत छापा: फोडणीला वापरा, तळणाचे तेल पुन्हा पुन्हा तापवू नका.

आपली,
लातूर जिल्ह्यातील एक आहारतज्ज्ञ