पीएचपीत प्रॉपर्टी आधी घोषित करा, मग साठवा

मा. संपादक,

नागपुरात बीसीए, बीसीसीए आणि अभियांत्रिकीचे विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी पीएचपी या वेब प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेबसाइट करतात. पुढे तोच कोड थोडा फिरवून इतवारी-सीताबर्डीतल्या दुकानांच्या साइटही उभ्या राहतात. त्यात एक खोड वारंवार दिसते: क्लासमध्ये (ऑब्जेक्टच्या साच्यात) प्रॉपर्टी, म्हणजे त्यातली माहिती ठेवणारी नावं, घोषित न करताच वापरायच्या आणि त्या साच्यातून बनलेला ऑब्जेक्ट सिरियलाइज करून, म्हणजे सलग मजकुरात बदलून, डेटाबेसमध्ये टाकायचा.

'मोबाइल'ऐवजी एका ओळीत 'मोबिल' टाइप झालं, तर पीएचपी मुकाट्याने नवी प्रॉपर्टी तयार करायचं. खरी रिकामी राहायची आणि डेटाबेसमध्ये दोन्ही साठवल्या जायच्या. डिसेंबर २०२२मध्ये आलेल्या ८.२ आवृत्तीपासून त्यावर 'डेप्रिकेटेड' असा इशारा येतो. डिस्प्ले एरर्स (इशारे पानावर दाखवणारी सेटिंग) चालू असेल तर हा इशारा जेसनच्या (माहिती पाठवण्याच्या एका मजकूर-स्वरूपाच्या) आधी छापला जातो आणि ब्राउझरला तो प्रतिसाद वाचताच येत नाही. क्लासवर 'अलाउ डायनॅमिक प्रॉपर्टीज' ही खूण लावली की इशारा थांबतो, चूक मात्र तशीच राहते. प्रॉपर्टी प्रकारासह (मजकूर, संख्या वगैरे) घोषित करण्याची सोय ७.४पासून आहे. ती वापरताना सुरुवातीची किंमत (व्हॅल्यू) द्यायला विसरू नये, नाहीतर जुना डेटा उघडल्यावर 'इनिशियलायझेशनआधी वापरता येत नाही' अशी एरर येते. अनसिरियलाइज करताना, म्हणजे साठवलेल्या मजकुरातून ऑब्जेक्ट परत उभा करताना, कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारं फंक्शन) चालत नाही, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं.

मराठी मजकुरात तर गोची जास्तच. सिरियलाइज लांबी बाइटमध्ये मोजतं, अक्षरांत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणून 'नागपूर'ची सहा चिन्हं १८ अशी नोंदली जातात. साइट हलवताना कोणी थेट एसक्यूएल फाइलमध्ये (डेटाबेसमधून काढलेल्या प्रतीत) 'एचटीटीपी'चं 'एचटीटीपीएस' केलं, की पत्ता एका बाइटने वाढतो, लांबीचा आकडा जुनाच राहतो आणि अनसिरियलाइज 'फॉल्स' परत देतं. एका बाइटपायी अख्खी सेटिंग जाते! प्रायव्हेट (फक्त क्लासच्या आतून वापरता येणाऱ्या) प्रॉपर्टीच्या साठवलेल्या नावात न दिसणारे 'नल' बाइट असतात. मजकूर कॉपी-पेस्ट करताना ते गळतात आणि मोजणी पुन्हा चुकते. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेक्स्ट कॉलममध्ये ६५,५३५ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची जेमतेम २१,८४५ चिन्हं.

सर्वांत घातक म्हणजे कुकीतून (ब्राउझरने जपून परत पाठवलेल्या मजकुरातून) किंवा फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यातून आलेला मजकूर अनसिरियलाइज करणं. कोणत्या क्लासचा ऑब्जेक्ट तयार व्हावा हे मग पाठवणारा ठरवतो आणि त्या क्लासची वेकअप, डिस्ट्रक्टसारखी मेथड (क्लासमधलं फंक्शन) आपसूक चालते. ठरावीक क्लासच स्वीकारणारा 'अलाउड क्लासेस' हा पर्याय आहे, पण बाहेरून आलेल्या डेटासाठी तो लावूनही हे फंक्शन वापरू नका, असं पीएचपीचं मॅन्युअलच बजावतं.

त्यापेक्षा जेसन बरं. जेसन एन्कोड हे फंक्शन फक्त पब्लिक (बाहेरून वापरता येणाऱ्या) प्रॉपर्टी घेतं, बाकीच्यांसाठी 'जेसन सिरियलायझेबल' इंटरफेस लिहावा. 'अनएस्केप्ड युनिकोड' हा फ्लॅग द्यावाच. तो नसला तर प्रत्येक चिन्हाचे ६ बाइट होतात आणि मधली तिरकी रेघ कुठे गळाली की पानावर 'नागपूर'च्या जागी 'यू०९२८'सारखी अक्षरं दिसतात. परत वाचताना ॲरे (किमतींची यादी) घेऊन ती कन्स्ट्रक्टरमधूनच भरावी, म्हणजे तिथली तपासणी टळत नाही.

महाविद्यालयांना विनंती की, तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला एखाद्या प्रॉपर्टीचं नाव बदलायला लावून जुना साठवलेला ऑब्जेक्ट उघडायला सांगावा. चालू साइटवाल्यांनी आधी पूर्ण बॅकअप घ्यावा, शेजारी जेसनचा नवा कॉलम करावा, जुन्या कोडनेच एकेक नोंद वाचून त्यात लिहावी आणि दोन्ही कॉलममधल्या नोंदी जुळल्याशिवाय जुना कॉलम काढू नये.

— वेब प्रोग्रॅमिंग शिकवणारे काही वाचक, नागपूर