माह्या तोंडावर बोंडं काऊन फुटली?

दारव्हा तालुका,
मार्गशीर्ष, रविवार

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आलं तेव्हा कापूस वेचणीची घाई होती. मजूर मिळेनात, म्हणून मीही ओटी बांधून कपाशीच्या ओळीत उतरलो होतो. आता दुसरा वेचा घरात येऊन पडलाय. भाव चढेल या आशेवर बैठकीत कापूस छताला टेकलाय आणि त्याच ढिगाला पाठ लावून लिहितोय.

एकावर एक फोटो घ्यायचं माझं खूळ कुठवर आलं, असं तू विचारलंस. आईच्या आकृतीत कापूस भरायचा, एवढंच डोक्यात होतं. पहिल्या दिवशी भर दुपारी तिला शेताच्या धुऱ्यावर उभं केलं. अंगावर पांढरं पातळ, मागे पांढरंफटक आभाळ. कॅमेऱ्याला दोन फोटो एकत्र करायला सांगितलं आणि दुसरा घेतला फुटलेल्या पऱ्हाटीचा. पाहतो तर बोंडं उमटली फक्त तिच्या केसांत, गजरा माळल्यासारखी. पातळावर कापसाचा मागमूस नाही.

चूक माझीच. जिथे पहिल्या फोटोत उजेड भरून वाहतोय तिथे दुसऱ्याला जागा कुठली? तो बसतो काळ्या भागात. साधे दोन फोटो मिसळायचे तर प्रत्येक एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडाचा घ्यावा, चार असतील तर दोन स्टॉप, म्हणजे पाव उजेडाचा, नाहीतर सगळं पांढरं होतं. हे मला पाठ होतं बरं का. पण पाठ असणं वेगळं आणि आईचं पातळ डोळ्यांनी दिसणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर गाठोडं घेऊन परतत होती, सूर्य बरोबर पाठीमागे. उजेड आभाळाचा मोजला, ती पूर्ण काळी झाली. मग वाकून एकच झाड जवळून घेतलं: चार-पाच पाकळ्यांचं बोंड, टोकं वाळून काट्यासारखी झालेली, एका पाकळीला चिकटलेला पाल्याचा चुरा. मधली काळी माती काळीच राहिली, कापूस तेवढा तिच्या गालावर, गाठोड्यावर, हातावर आला. तिला दाखवला तर म्हणते, "माह्या तोंडावर बोंडं काऊन फुटली रे?"

आबांचा पोळ्याचा फोटो आठवतो? बाबांच्या आगफा क्लिक थ्रीमध्ये खटका दाबल्यावर मागच्या लाल खिडकीत आकडा बघत रोल हातानेच पुढे सरकवावा लागे. बाबा विसरले, आणि आबांच्या फेट्यातून बैलाची शिंगं निघाली. आपण हसून लोळलो होतो. आजीने मात्र तो ट्रंकेत जपून ठेवला होता. आता वाटतं, आमच्या घरातला पहिला प्रयोग तोच.

जोडकामाचं वेड जुनंच आहे. रेलँडर नावाच्या छायाचित्रकाराने 1857 मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक चित्र छापलं. व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत घेतली. पुढच्याच वर्षी रॉबिन्सन या दुसऱ्या छायाचित्रकाराने 5 निगेटिव्हमधून मरणाला टेकलेली पोरगी दाखवली. इतकं दुःख कॅमेऱ्याने दाखवावं का, म्हणून लोक बिथरले. पोरगी चांगली धडधाकट होती!

हे आठवायचं कारण शेजारचे काका. सोयाबीन ऐन कापणीला आलं आणि पाऊस लागला. पंचनाम्यासाठी फोटो काढायला मला बोलावलं. माझे उद्योग त्यांनी मोबाईलवर पाहिलेले. हळूच म्हणाले, "पाणी थोडं जास्त दाखवता येते काय बावा? तुले तर जमते." मी नाही म्हटलं. ते रुसले, आणि मला स्वतःचाच राग आला, कारण नुकसान काही खोटं नव्हतं. मग त्यांनीच मूठभर शेंगा तोडून तळहातावर उघडल्या. प्रत्येक दाण्याला पांढरा कोंब, नखाएवढा. तळहाताच्या भेगांत चिखल. तोच घेतला, एकच फोटो, कशावर काही न चढवता. काका अजून नीट बोलत नाहीत म्हणा.

आता आपल्या बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांवर डोळा आहे. तुझ्या वडिलांकडे गाडी चालू असतानाचे स्टेशनातले फोटो आहेत ना? त्यातला एक पाठव. कॅमेरा त्याच जागी, त्याच उंचीवर लावून बघायचाय. उलंगवाडीच्या आत, म्हणजे कापूस संपायच्या आधी आलास तर बरं, नंतर रान मोकळं होतं. आणि येताना तुझा तिपाई स्टँड आण, माझ्याचा एक पाय सुतळीने बांधलाय.

तुझाच,
गड्या